पांढरं न होणारं क्रीम

कारखान्यात माझ्या मामाला सगळे पिठ्या म्हणत. उन्हापासून वाचवणारं क्रीम तिथे बनायचं आणि मामा पूड चाळून तेलात घोटायचा. झिंक ऑक्साइडची ती पांढरी पूड त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कायम बसलेली असे. शिकला आठवीपर्यंतच, पण डब्यामागची बारीक अक्षरं तो आम्हाला गोष्ट सांगावी तशी उलगडून सांगायचा.

"झिंक कातडीवर बसून राहतं आणि ऊन वरच्या वर अडवतं. दुसरी रसायनं आत मुरतात, काहींना त्यांनी खाज सुटते. आणि डब्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. थर जाड पाहिजे, दर दोन तासांनी पुन्हा पाहिजे."

"याला जेवायला वाढा कोणीतरी," आई म्हणायची, "नाहीतर आता टायटॅनियमच्या पुडीचं पुराण सुरू होईल."

आई घरोघर फिरून विजेच्या मीटरचे आकडे घ्यायची. सात वर्षांपूर्वी तिला तो आजार निघाला, ज्यात ऊन लागलं की शरीर स्वतःवरच उलटतं. डॉक्टरांनी सांगितलं, नोकरी सोडा, नाहीतर लांब बाह्या, टोपी आणि झिंकचं क्रीम, एकही दिवस चुकवायचा नाही. आईला नोकरी सोडवेना. मामाला तर चेवच आला. मी असताना दुकानातून कशाला आणायचं, म्हणाला.

भरणी विभागात नवा माल डब्यांत भरायला घेतला की पहिले दहा-बारा डबे लेबल न लावता बाजूला ठेवत. मागेल त्याने न्यावेत. मामा कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, घोटण्याच्या खोलीत. डब्यांत हवेचे बुडबुडे राहत असतील म्हणून बाजूला काढतात, असं तो आपलं धरून चालला आणि त्याने कधी विचारलं नाही. महिन्याला दोन डबे घरी येत.

"बाकीची क्रीमं लावली की तोंडाला पीठ फासल्यासारखं दिसतं," आई कौतुकाने सांगायची. "तुझं बघ कसं जिरतं. पांढरं होतच नाही."

"घोटणारा कोण आहे?" मामा म्हणायचा. ज्याच्या कानांवरची पांढरी पूड साबणानेही निघत नव्हती, तो माणूस हे ऐकून सात वर्षं खूश होत राहिला.

आजार मात्र वाढत गेला. गालांवर चट्टे, मग बोटांचे सांधे, मग मूत्रपिंडं. मामा तिच्यावरच चिडायचा. "दुपारचं लावत नसशील तू. आळस करत असशील." आई शपथा घ्यायची. शेवटी तिने गजराचं घड्याळ पिशवीत ठेवायला सुरुवात केली, तरी मामाला पटलं नाही. दोघं त्यावरून महिना महिना अबोला धरत. गेल्या वर्षी तिची नोकरी सुटलीच. आता ती पडदे ओढलेल्या खोलीत असते.

मामाचे गुडघे गेले म्हणून या महिन्यात त्याला भरणीवर बसून करायचं काम दिलं. पहिल्याच दिवशी यंत्रावरच्या बाईंनी बारा डबे बाजूला सारले. मामाने सवयीने हात पुढे केला.

"न्या, पण हातापायांना लावा, उन्हात नको," त्या म्हणाल्या. "आदला माल संपला की नळी साध्या क्रीमने धुतो. आधी तेच बाहेर येतं. औषध नसतं त्यात."

"कधीपासून?"

"मी लागले तेव्हापासून, दहा वर्षं तरी, असंच आहे."

त्याच संध्याकाळी तो दुकानातला बंद डबा घेऊन आला. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. त्याने आईचा हात घेतला आणि क्रीम लावलं. हात पांढराफटक झाला.

"हे कसलं रे? पूस ते. आधीचंच बरं होतं, जिरून जायचं."

"जिरणारच," मामा म्हणाला. "त्यात झिंक नव्हतंच, ताई. काहीच नव्हतं." मग त्याने सगळं सांगितलं, मान खाली घालून.

मला त्याचा राग आला, अजूनही येतो. चांगलं क्रीम असतं तरी आजार वाढला असता कदाचित, असं डॉक्टर म्हणतात. माझं डोकं ठिकाणावर असतं तेव्हा मी हे मामाला सांगते. बाकीच्या दिवशी सांगत नाही.

आईने आपला पांढरा हात उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे मी दुपारचं लावत होते," ती म्हणाली, "हे आता तरी पटलं ना तुला?"

मामाने होकारार्थी मान हलवली.