पायाला कळणारी हवा

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या या गृहस्थांना मुलं हवाकाका म्हणत. सकाळी गाडी काढण्याआधी चारही चाकांची हवा बघणार म्हणजे बघणारच, बावीस वर्षांत कधी खाडा नाही. पण आता जीव अगदी मेटाकुटीला आला होता. मागचं एक चाक रोज बसायचं, जुना पंप नुसता फुसफुसायचा आणि महिनाभरापासून उजवं पाऊल बधिर झालं होतं. साखरेचं दुखणं जुनंच. पण पावलाचं त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. सांगितलं की ती गाडी बंद करायला लावणार, आणि गाडीशिवाय दिवसभर करायचं काय? भिंती बघत बसायचं?

शेवटी नवा पंप घ्यायला दोघं व्हॅन घेऊन दुकानात गेली. मुलांना चढवायला-उतरवायला तीच असे, त्यामुळे गाडीच्या बाबतीत तिचा शब्दही चाले.

"अहो, हा विजेवरचा घ्या," ती म्हणाली. "किती हवा हवी तो आकडा लावला की आपला आपण थांबतो. सकाळी सकाळी त्या धापा ऐकवत नाहीत मला."

"त्या डबड्याला काय कळतंय? हवा किती झाली ते माझ्या पायाला कळतं. काट्याकडे बघावंसुद्धा लागत नाही."

आता हट्ट करावा माणसाने, पण किती! दुकानातल्या बाईंनी मुकाट्याने पायाने मारायचा पंप काढला आणि कोपऱ्यातल्या एका बसलेल्या चाकाला जोडून दिला. हवाकाकांनी काउंटर धरला, पंपावर उजवा पाय ठेवला आणि ऐटीत छताकडे बघत दाबायला सुरुवात केली. दहा झाले, पंधरा झाले. कपाळावर घाम आला.

"बघ! आता पाय खाली जात नाही. चाक भरलं."

बायको त्यांच्या पायाकडे बघत होती. त्यांनी खाली पाहिलं. पंप केव्हाच वीतभर बाजूला सरकला होता. पाय नुसता फरशीवर आपटत होता. चाक होतं तसंच होतं.

दुकानातल्या बाई हसणार होत्या, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी वाकून पंप उचलला.

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"महिना झाला."

"ब्रेकवर हाच पाय असतो ना हो?"

हवाकाकांना सकाळची फेरी आठवली. आज सकाळीच गाडीत अकरा मुलं होती. महिनाभर रोज होती. भीती तर वाटलीच, पण लाज त्याहून जास्त वाटली. त्यांनी खिशातून व्हॅनची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"अहो, मला कुठे येते चालवायला?"

"म्हणूनच तुझ्याकडे देतोय," ते म्हणाले. "मी मागितली तरी देऊ नकोस."