पाठकोऱ्या कागदावरचं अक्षर

अमरावतीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत छापखाना होता आणि मागच्या खोलीत संसार. आमचे हे दर गुरुवारी चार पानी साप्ताहिक काढायचे आणि त्याचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायची मी. बाई माणूस शाईनं काळी बोटं घेऊन बसतं म्हणून गल्लीत कुजबुज चालायची. चालू दे, म्हणायची मी, लोकांच्या बापाचं काय जातं! घर चालायचं लग्नपत्रिकांवर. साप्ताहिक ही ह्यांची हौस. खोटं कशाला बोलू, माझीही होती.

कागदाची तेव्हा मारामार. प्रूफ काढायला आम्ही कोरा कागद कधी वापरलाच नाही. जुळवून झालेला हस्तलिखित मजकूर पाठकोरा असायचा, त्याच्याच पाठीवर प्रूफ उमटवायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

चीनची लढाई थांबली होती, तिच्यापायी लागलेली आणीबाणी मात्र उठली नव्हती. कुणालाही धरून न्यावं आणि कोर्टात उभं करू नये, असा कायदा हाताशी असला की साधा हवालदारसुद्धा हळू आवाजात बोलायला लागतो. मला त्या हळू बोलण्याचीच धास्ती वाटायची.

अशात कौंडण्यपूरच्या बाजूच्या एका खेड्यातून शाळामास्तरांनी मजकूर पाठवला. लढाईच्या निधीच्या नावाखाली तिथल्या फौजदारानं मजूर बायांच्या अंगावरचं चांदीचं किडूकमिडूक उतरवून घेतलं होतं. नाही म्हणणाऱ्या दोघांना चावडीत कोंडून मारलं होतं. मास्तर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातले, साऱ्या वस्तीत सरकारी नोकरी लागलेले पहिले. शेवटी लिहिलं होतं, "छापा, पण माह्यं नाव कोनाले सांगू नका. नोकरी गेली तर घर बसलं." हे म्हणाले, "मेलो तरी माह्या तोंडून नाव निघत नाही." आणि छापलं.

मजकूर जुळवून झाला की जाळून टाक, असं ह्यांनी मला बजावलं होतं. मी चुलीत घातलाही, पण तीनच पानं. चौथं सापडेना. त्या आठवड्यात कामाची अशी झुंबड होती की गेलं असेल कुठं तरी म्हणून मी नाद सोडला. मेली माझी घाई!

अंक निघाल्यावर तिसऱ्या दिवशी दोन पोलीस आले. ओरडले नाहीत, चहा प्याले. "फक्त मूळ मजकुराचं हस्ताक्षर दाखवा साहेब, बस." हे म्हणाले, "छापलं मी. काय करायचं ते मले करा." ते हसत उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या ओट्यावर एक अनोळखी माणूस येऊन बसायला लागला. नुसता सुपारी कातरत बसायचा. मी दारात जाऊन विचारलंच, "काहून बसून राहिले तुमी इथं? सोयरीक जुळवाची हाय का कोनाची?" त्यानं मान वर न करता म्हटलं, "तुमी आपलं काम करा, बाई." त्या दिवशी माझ्या हातून एक ओळ धड जुळली नाही.

चौथं पान सरकारी कचेरीतल्या एका कारकुनाकडे होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ मीच त्या पानाच्या पाठीवर काढून, घडी घालून त्यांच्या हातात दिलं होतं. ते दुरुस्त्या सांगायला आले, पण प्रूफ आणलं नाही, सगळं तोंडीच सांगितलं. जाता जाता चप्पल घालताना म्हणाले, "वहिनी, मागचं अक्षर मोठं देखणं आहे हो. कुण्या मास्तराचं दिसते." त्यांचे पाय धरावेत की त्यांचा गळा, कळेना. मी म्हटलं, "पत्रिका सोमवारी मिळतील."

ह्यांना मी सांगितलं नाही. पूर्ण दोन दिवस हातात होते, मास्तरांना निरोप धाडता आला असता. पण पान माझ्याच हातून गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार! तिसऱ्या दिवशी ह्यांना नेलं आणि अकोल्याच्या तुरुंगात ठेवलं. पाठोपाठ मास्तरांची नोकरी गेली, तीही भर वर्गात, पोरांसमोर हुकूम वाचून. पोलिसांना त्या चौथ्या पानावरून नाव कळलंच होतं, तरी ह्यांना त्याचा पत्ता लागू न देता, ह्यांनी ते आपल्या हातानं लिहून द्यावं असा त्यांचा हट्ट होता. म्हणायचे, लिहा आणि आजच घरी जा.

मास्तरांची आई एक दिवस छापखान्याच्या दारात आली. पाणी दिलं, घेतलं नाही. म्हणाली, "तुह्या नवऱ्यानं नाव फोडलं. माह्या लेकाचं वाटोळं केलं." मी ऐकून घेतलं.

महिन्यानं अकोल्याला भेटीची परवानगी मिळाली. जाळीपलीकडे हे निम्मे झाले होते. बसल्या बसल्या विचारलं, "मास्तर ठीक हायेत नं? शाळा चालू हाय त्याईची?"

"हो," मी म्हटलं. "चालू हाय."

"मंग झालं," हे म्हणाले. "ठेवू दे मले कितीबी दिवस." आणि इतके समाधानानं हसले की मी खाली पाहिलं.

त्यानंतर हे आणखी सात महिने आत बसले.