मातीची बारा मेंढरं

रंगुबाई तासगावच्या बाहेर सिस्टरांच्या शाळेत बावीस वर्षं मावशी होती. मावशी म्हणजे काय, तर पहिलीच्या पोरांची नाकं पुसायची, डब्यांची घट्ट झाकणं उघडून द्यायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं, आणि मिस शिकवत असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. यातलं शेवटचं काम तिला सगळ्यांत जड जायचं.

मूळची ती आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातली. नवरा गेला तसा कळप लेकाच्या, धनाजीच्या, हाती दिला आणि इकडं आली. पण मेंढरांमागं तयार झालेली नजर बरोबर घेऊन आली. एकदा शाळेची सहल पाचगणीला गेली होती. परतीच्या बसमध्ये पोरं तीनदा मोजली. एकदा एकेचाळीस भरली, एकदा त्रेचाळीस, आणि तिसऱ्या वेळी कुणाला तरी उलटी झाली म्हणून मोजणी मधेच राहिली. रंगुबाई दारात उभी राहिली, आत एकवार नजर फिरवली आणि म्हणाली, "पायातला मोजा गळणारा पोरगा न्हाई आला." अन् गेली ती स्ट्रॉबेरीच्या गाड्यामागून त्याला बखोटीला धरून घेऊनच आली. ड्रायव्हरनं विचारलं, "मावशी, मोजलीस कवा?"

"मोजत्यात व्हय रं? वळखत्यात."

लोक ही गोष्ट हसत सांगायचे. रंगुबाई मात्र खरं तेच बोलली होती. तिच्या घरात मेंढरं मोजत नसत. सासरे आकाराम सांगायचे, जित्राब मोजलं की घटतं. सांजच्याला कळप जाळीच्या कुंपणात शिरताना तोंडं बघायची. कोण मागं राहिलं ते आपसूक कळतं. हाच नेम रंगुबाईनं नातीला, उत्कर्षाला, दुधाच्या दातांपासून शिकवला होता.

उत्कर्षा आजीकडं राहून याच शाळेत पहिलीत शिकत होती. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत ती मोजणीला गप्प बसली. एक आकडा बोलली नाही. आता दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी मुख्याध्यापिका सिस्टर रोझिटा स्वतः तिला पुन्हा विचारणार होत्या. जमलं तर पहिलीत, नाहीतर परत मोठ्या शिशूत. आणि धनाजीनं फोनवर सांगून ठेवलं होतं, "आये, पोरगी शिकून मागंच सरकत असंल तर दिवाळी झाल्यावर आमच्यासंगं चालंल. कोकराकडं बघाया कुणीतरी पायजेच." चाऱ्यासाठी कृष्णाकाठानं खाली निघालेला कळप थेट जूनला परतायचा. तोवर शाळेची सवय मोडलेली पोर पुन्हा बाकावर बसली असती का, हे रंगुबाईला विचारायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या दोन बहिणी तशाच शाळेबाहेर राहिल्या होत्या.

तिनं आठवडाभर नातीकडून चिंचोके मोजून घेतले. शंभरापर्यंत कुठं अडखळली नाही. मग वर्गात गप्प का बसली, हे काही तिला उमजेना.

शनिवारी पोरं घरी गेल्यावर वर्गात चौघीच राहिल्या. सिस्टर वही उघडून बसल्या. रंगुबाई पाण्याचा जग घेऊन दाराशी उभी राहिली. वर्गाच्या अंकिता मिसनी कपाटातून एक खोका काढला आणि त्यातली मातीची मेंढरं बुटक्या टेबलावर मांडली. नाताळच्या गव्हाणीच्या देखाव्यातली होती ती. हातात काही दिलं की पोरं लवकर शिकतात म्हणून मिस मोजणीला तीच आणायच्या.

मेंढरं दिसताच रंगुबाई दारातून एक पाऊल आत आली.

"किती मेंढरं आहेत, सांग बरं," मिस म्हणाल्या.

उत्कर्षानं ओठ मिटले आणि आजीकडं बघितलं.

"तिकडं नाही बघायचं. इकडं बघ. एक... पुढं?"

सिस्टरांनी पेनाचं टोपण काढलं. रंगुबाईनं फरशीवरची नजर वर उचलली नाही.

"कानतुटकी न्हाई आली," उत्कर्षा हळूच म्हणाली.

"काय?"

"एकीचा कान तुटलाय. गेल्या नाताळात व्हती. ह्यात न्हाई."

सिस्टरांनी चष्मा काढला. "ती माझ्या टेबलावर आहे. कान चिकटवायला ठेवली." मग त्या पोरीकडं वळल्या. "तू ओळखतेस हे समजलं, बाळा. पण मला मोजलेलं ऐकायचं आहे."

पोरीचे ओठ पुन्हा मिटले. पेन वहीवर टेकलं.

रंगुबाईनं जग खाली ठेवला. "सिस्टर, बोलू का?"

"मावशी, मदत करायची नाही," मिस म्हणाल्या.

"मदत न्हाई ओ. तिला म्याच गप केलंय." आणि तिनं घरचा नेम सांगितला, मान खाली घालून.

"मातीची मेंढरं मोजून कुठं घटतात?" मिस हसल्या.

"ते तुमी म्हणता. तिला चिंचोकं द्या, शंभर मोजती."

"आज चिंचोके देईन," सिस्टर म्हणाल्या. "उद्या पुस्तकात मेंढ्या येतील, गाई येतील. रोज तुम्ही चिंचोक्यांची पिशवी घेऊन येणार का?"

रंगुबाई पुढं आली, टेबलाशी उकिडवी बसली आणि पहिल्या मेंढराच्या पाठीवर बोट ठेवलं. अठ्ठावन्न वर्षांत तिनं हे कधी केलं नव्हतं.

"एक," ती म्हणाली.

उत्कर्षा मेंढराकडं बघत नव्हती. आजीच्या तोंडाकडं बघत होती, तिला काही होतंय का म्हणून.

"दोन." रंगुबाईनं बोट पुढच्या मेंढरावर नेलं. "तीन."

चौथ्या मेंढरावर लहानसं बोट आलं. "चार." मग दोघींचा आवाज एक झाला, आणि सातच्या पुढं रंगुबाईनं आपला काढून घेतला. पोरगी एकटीच बारापर्यंत गेली. थांबली. सिस्टरांच्या खोलीकडं मान वळवली. "आन तितली कानतुटकी. तेरा."

सिस्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. "सुट्टी संपली की पहिलीतच बस. आहेस त्याच बाकावर."

रंगुबाई नळाशी गेली. जग तोटीखाली लावला आणि पदराआडून फोन काढला. "धना, मेंढरं कुठं हाईत?"

"हितंच, माळाला. का गं?"

"सगळ्यांची तोंडं बघ."

"आत्ता? भर दुपारी?"

"बघ म्हणते न्हवं."

फोनमधून नुसता वारा ऐकू येत राहिला. जग भरला, पाणी काठावरून तिच्या पायांवर सांडू लागलं, तरी तिनं तोटी बंद केली नाही.

"हाईत सगळी," धनाजी म्हणाला. "काय झालं, आये? पोरीचं काय झालं?"

रंगुबाईनं नळ बंद केला. "ऱ्हायली पहिलीत."

"मग कोकराकडं कोण बघणार?"

"तुला डोळं न्हाईत व्हय रं?" ती म्हणाली आणि जग उचलून वर्गाकडं चालू लागली.