उभ्या गाडीची मागची सीट

बायको गेल्यावर मुलानं मला अमेरिकेत, ॲन आर्बरला आणलं. काम काही नाही, म्हणून मी समोरच्या गोऱ्या म्हाताऱ्याचं गॅरेज बघत बसायचो. लांबच्या प्रवासाची, म्हशीएवढी मोटरसायकल होती त्याची, पण रस्त्यावर कधी दिसली नाही. हा आपला तिला नटवतोय. मागच्या सीटला पाठ लावली, हात टेकायला दांड्या लावल्या, कप ठेवायला जागा केली, कॅसेट प्लेअर बसवला. चूल आणि मोरी तेवढी राहिली होती.

त्याची म्हातारी काठी टेकत यायची. तो तिला हात धरून चढवायचा आणि विचारायचा, "कम्फर्टेबल?"

ती म्हणायची, "निघायचं कधी?"

हा सीट दाबून बघायचा. "अजून मऊ पाहिजे."

एकदा त्यानं मला तिथं बसवलं. गादीच होती.

मी म्हटलं, "गुड. गो."

"नेक्स्ट समर," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. इंग्रजी तेवढं येत नाही, म्हणून बाजूला काठी टेकून उभ्या म्हातारीकडे बोट दाखवून मराठीतच बोललो, "अरे बाबा, ही आहे तोवर नीघ. मग गादी घेऊन काय करशील?"

तो नुसता हसला. म्हातारी हसली नाही. तिनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.