कॅमेऱ्याखालचं दार

गावाकडच्या बंद घराच्या दारावर आम्ही कॅमेरा बसवला, तेव्हापासून सकाळचा चहा मी मोबाईलमध्ये तिथलं अंगण बघत पिते. बघण्यासारखं काही नसतं. पाचोळा, फाटक, जास्वंद. मग शेजारच्या काकू फुलं काढायला येतात. काढून झाली की परडी कॅमेऱ्यासमोर उंच धरतात, न विचारता नेली असं वाटू नये म्हणून. जाताना एक फूल आमच्या उंबरठ्यावर ठेवतात. "घर बंद असलं तरी उंबरठा रिकामा असू नये गं," असं त्या मला म्हणाल्या होत्या.

ते ठेवताना मात्र त्या मला दिसत नाहीत. कॅमेरा चौकटीच्या वर आहे. त्याला फाटकापलीकडचा रस्ता दिसतो, स्वतःखालचं दार दिसत नाही. आपलंही असंच असावं. लांबून येणाऱ्यावर आपण डोळा ठेवतो, आणि जे आधीच दाराशी येऊन उभं आहे त्याच्या डोक्यावरून बघत राहतो.

आज काकू फूल घेऊन दाराकडे आल्या आणि मध्येच थांबल्या. दाराकडे बघून हसल्या. ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं काहीतरी बोलल्या. कॅमेऱ्यातून आवाज येत नाही. मग वाकायच्या ऐवजी त्यांनी फूल समोर धरलं. हात चित्राबाहेर गेला आणि रिकामा परत आला.

काकू गेल्या. आता पुन्हा पाचोळा, फाटक, जास्वंद.

घराची एकुलती एक किल्ली इथे, माझ्या पर्समध्ये आहे.