जावयाची दारू

परतवाड्यात नत्थुजींच्या नाकाला लोक वचकून असत. घरात दूध आलं की आधी ते नत्थुजींच्या नाकाखालून जाई आणि मगच चुलीवर चढे. तुपाचा डबा, गुळाची भेली, जवसाचं तेल, सगळ्यांची हीच गत. दुर्गाबाई नव्यानं घरात आल्या तेव्हा त्यांनी नवऱ्याला पहिला चहा दिला, तर या गृहस्थांनी तो आधी हुंगला. बाई रडकुंडीला आली. पुढे सरावली, आणि चहा देताना तोंड फिरवून उभी राहायला शिकली.

कामामुळे हा स्वभाव झाला की स्वभावामुळे ते काम मिळालं, देव जाणे. शेतकऱ्याघरचा धाकटा मुलगा, वाट्याची जमीन नावापुरती, म्हणून ते गावातल्या दारूच्या ठेक्यावर लागले होते. दारूबंदी यायच्या आधीची ही गोष्ट. मेळघाटातून मोहाची फुलं येत, ठेक्यामागच्या भट्टीवर त्यांची दारू निघे, आणि प्रत्येक हंडा चाखून तो कशाच्या लायकीचा ते सांगणं हे नत्थुजींचं काम. कोमट पाण्यानं चूळ भरायची, फुटाणे चावायचे, तळहातावर थेंब चोळून हुंगायचे, मग घोट जिभेवर फिरवून थुंकून टाकायचा. गिळायचा कधीच नाही. गिळली की जीभ तिचीच बाजू घेते, असं ते म्हणत.

त्यांचे दर्जे गावाला पाठ होते. वाईट निघाली तर ‘चुलीत घाला’. बरी असली तर ‘बाजाराची’. त्याहून बरी ‘पाहुण्याची’. आणि कधीमधी, एखाद्या साली, असा एखादा हंडा निघे की नत्थुजी डोळे मिटत आणि हळूच म्हणत, ‘जावयाची.’ मग ठेकेदार स्वतः उठून तो हंडा आत नेऊन ठेवी.

गोदामाची किल्ली पुंजारामच्या कमरेला असे. हा नत्थुजींचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि त्यांच्या अगदी उलट. जे ताटात पडेल ते न बघता खाणारा, जो भेटेल त्याला घरी घेऊन येणारा. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या नत्थुजींनी या एका माणसाचा वास कधी घेतला नव्हता. त्या भरवशावरच त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नत्थुजींच्या इंदूची आणि पुंजारामच्या सूर्यभानची सोयरीक ठरली. दोस्ताचे इवाई, म्हणजे व्याही झाले. लग्न पुढच्या उन्हाळ्यात करायचं ठरलं. इंदू त्या दिवसापासून अंगण झाडताना गुणगुणू लागली.

त्याच सुमारास ठेकेदारानं चिखलदऱ्याच्या एका बंगल्याच्या लिलावातून एक लाकडी पिंप आणलं. जाड फळ्या, लोखंडी पट्ट्या, वर बुचाचं भोक. एके काळी साहेब लोकांची बिअर त्यात असे म्हणतात. लाकडात ठेवलेली दारू पिकते, असं ठेकेदारानं अमरावतीला कुणाकडून तरी ऐकलं होतं. नत्थुजींचा विश्वास बसला नाही, पण उत्सुकता लागली. त्यांनी चैतातली पाहुण्याची दारू निवडून पिंप काठोकाठ भरलं.

“पिकू दे,” पुंजाराम बूच ठोकत म्हणाला. “हे जावयाची होईपर्यंत तुह्या घरी जावई येऊन जाईन.”

दिवाळीला ठेकेदारानं बूच काढायला लावलं. नत्थुजींनी निंबाची काडी आत सोडली. काडी बरीच खोल गेल्यावर भिजली. त्यांनी ती पुन्हा सोडली, मग तिसऱ्यांदा. पिंपाखाली ओल नव्हती, फळ्यांना चीर नव्हती, बूच जिथल्या तिथे होतं. दारू मात्र चार बोटं खाली गेली होती.

 त्या दिवसापासून नत्थुजी पुंजारामच्या जवळ सरकून बसू लागले. आणि एके दिवशी त्यांना वास आला, लवंगेचा. जन्मात सुपारीचं खांड न चघळणारा हा माणूस आता लवंग चघळतो, ती कशाला? नत्थुजींच्या डोक्यात किडा वळवळला तो वळवळलाच. विचारल्यावर पुंजारामनं दाढ दुखते असं सांगितलं. दाढ आत्ताच बरी दुखायला लागली, असं नत्थुजी मनात म्हणाले. मग त्यांना पुंजारामचं हसणं जास्त वाटू लागलं, चालणं सैल वाटू लागलं, आणि सूर्यभाननं नवी सायकल घेतली तीसुद्धा त्या पिंपातूनच निघाल्यासारखी वाटली. एकदा माणूस असा हुंगायला बसला की त्याला हवा तो वास येतोच, पण हे नत्थुजींना कोण सांगणार? त्यांच्या नाकानं आजवर चूक केली नव्हती.

ते ठेकेदाराकडे गेले. ठेकेदारानं पुंजारामला समोर उभं केलं आणि किल्ली मागितली.

पुंजारामनं किल्ली काढून दिली. ठेकेदाराकडे त्यानं पाहिलंही नाही. तो नत्थुजींना म्हणाला, “तू सांगतलं?”

“पिंपातली दारू कमी झाली. किल्ली तुह्यापाशी होती. आन् तोंडाले लवंगेचा वास हाये.”

“मंग घे ना वास, नीट घे.” पुंजाराम अगदी जवळ येऊन उभा राहिला. “आतापरेंत कदी घेतला नाई तू. आता घे.”

नत्थुजींनी मान फिरवली. आणि घरी येऊन सोयरीक मोडल्याचं सांगितलं. चोराच्या घरी पोरगी द्यायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. दुर्गाबाईंनी दोन दिवस अन्न टाकलं. इंदूनं मात्र स्वयंपाक केला, वाढलं, भांडी घासली, आणि अंगण झाडताना ती पुन्हा कधी गुणगुणली नाही. त्याच महिन्यात पुंजारामनं बिऱ्हाड आवरलं आणि तो अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला.

आता किल्ली नत्थुजींकडे आली. त्यांनी बुचावर लाख ओतली, लाखेवर अंगठा उमटवला, गोदामाला दुसरं कुलूप लावलं. उन्हाळा तापला. वऱ्हाडातला उन्हाळा, पत्र्याखालचं गोदाम, आत शिरलं की डोकं गरगरावं असा गोड उग्र वास. आखाजीला त्यांनी स्वतःच्या अंगठ्याचा ठसा तपासला. जसाच्या तसा होता. लाख फोडून काडी सोडली, तर दारू आणखी खाली गेलेली.

 चोर गेला होता आणि चोरी चालूच होती. मग, ठसा शाबूत होता हे विसरून, संशय ठेकेदारावर गेला, की याच्याकडेही किल्ल्या असतील. मग भट्टीवरच्या माणसांवर गेला. एके दुपारी ते जेवताना दुर्गाबाईंकडे टक लावून बघू लागले, कारण झोपेत कनवटीची किल्ली काढू शकेल असं घरात दुसरं कोण होतं?

दुर्गाबाईंनी हातातली भाकर तव्यावर तशीच टाकली. “आता मीच राह्यली होती,” त्या म्हणाल्या. “माह्याही तोंडाचा वास घ्या. मंग इंदूचा घ्या. मंग कोनी उरनार नाई, तेवा आरशापुढं बसा.”

नत्थुजी ताटावरून उठले. त्यांना राग आला होता आणि भीतीही वाटली होती, आणि भीती जास्त होती.

पुढे दारूबंदी आली. ठेका बंद झाला, भट्टी मोडली, आणि ठेकेदारानं पिंप फोडून जळण करायला सांगितलं. कुऱ्हाड नत्थुजींनीच घेतली. आतली उरलेली दारू त्यांनी आधीच मोरीत ओतली होती. पहिली फळी दुभंगली तसा त्यांच्या नाकात तो वास शिरला. त्यांनी फळी उचलली. बाहेरून ती कोरडी, राखाडी होती. आतून मात्र बोटभर खोलीपर्यंत काळपट, ओली. त्यांनी दुसरी फळी फोडली. तीही तशीच. सगळ्या फळ्या पिऊन बसल्या होत्या, आणि जे त्यांना पचलं नव्हतं ते उन्हाळ्यानं पत्र्याखालच्या हवेत उडवून नेलं होतं. गोदामातला तो गोड वास ते रोज घेत होते. जगातल्या प्रत्येक वासाचा माग काढणाऱ्या या माणसानं तेवढ्या एकाच वासाला कधी विचारलं नव्हतं की बाबा, तू येतोस कुठून?

त्यांनी ओल्या लाकडाला जीभ लावली. चूळ नाही, फुटाणे नाहीत. डोळे आपोआप मिटले. इतकी चांगली त्यांनी जन्मात चाखली नव्हती. ‘जावयाची’ हा शब्द ओठावर आला आणि तिथंच अडला. नत्थुजी कुऱ्हाड टाकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी फळीचा एक तुकडा फडक्यात गुंडाळून त्यांनी अकोटची मोटार धरली.

पुंजारामचं घर जिनिंगच्या पलीकडे होतं. दारावर आंब्याचं तोरण होतं, पानं वाळून तांबडी झालेली. नत्थुजी ते बघत उभे राहिले, तेवढ्यात हळदीचे हात असलेली एक नवी पोरगी त्यांना पाणी देऊन आत गेली. सूर्यभानचं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता.

पुंजाराम बाजेवर बसला होता. ‘ये’ म्हणाला. नत्थुजींनी फडकं सोडलं आणि फळी त्याच्यापुढे ठेवली.

“लाकडानं पेली, पुंजाराम. कोनीच नाई पेलं. हे पाय, आतपरेंत ओलं हाये. वास घेऊन पाय.”

पुंजारामनं फळीला हात लावला नाही.

“मले काहून दाखोतं?” तो म्हणाला. “मी नाई पेलो, हे मले तवाच मालूम होतं.”

 मोटारीत नत्थुजींनी पुष्कळ जुळवून आणलं होतं, चूक झाली म्हणायचं, पाय धरायचे, इंदूचं नाव काढायचं. ते सगळं त्या फळीसारखं मध्येच पडून राहिलं. पुंजारामची बायको मैनाबाई कपबशी घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पाहुण्याला चहा द्यायचा म्हणून तिनं दिला.

आज हुंगायचं नाही, असं नत्थुजींनी मनाशी घट्ट ठरवलं होतं. कप हातात घेतला, ओठांपाशी नेला. आणि त्यांचं त्यांनाही कळायच्या आत नाक खाली झुकलं.

त्यांनी वर पाहिलं, तर मैनाबाई तोंड फिरवून उभी होती, आणि पुंजाराम त्यांच्याकडेच बघत होता.

“पे, नत्थुजी,” तो म्हणाला. “साखर हाये त्याच्यात. दुसरं काई नाई.”