ओळीबाहेरचा कान

"चूप रहा, जमीन बोलून राह्यली," म्हणत भाऊ बोट वर करायचे आणि खोलीतला पंखासुद्धा बंद करायला लावायचे. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय, त्यांनाच त्या बोटाची दहशत कळेल.

कोळशाच्या खाणीवर ते यंत्रांचे सुपरवायझर, मी त्यांच्या हाताखाली नवी. बायकांना खाली उतरायची परवानगी नव्हती, म्हणून मी वर हेडफोन लावून. जमिनीत पुरलेले जिओफोन खालचा ठोका टिपायचे. आम्ही त्यांना 'कान' म्हणायचो. ठोका कुठल्या कानात आधी पोचला, कुठल्या नंतर, यावरून ठोकणारा कुठे आहे ते काढायचं. छत बसून माणूस अडकला तर खोदायचं तिथंच.

मी तेव्हा स्वतःला अप्सरा समजायचे. गजरा चुरगळू नये म्हणून हेडफोन एकाच कानाला!

"बाई, एका कानानं दिशा समजते का? गजरा टाक चुलीत!"

आमचे सगळे कान रस्त्याकडेला, एका ओळीत. तिथवर जीप जायची ना! पण रस्त्याच्या डावीकडून आलेला ठोका आणि उजवीकडून आलेला, ओळीला दोन्ही सारखेच. छत बसलं तेव्हा खाली भाऊंचा मुलगा होता. सगळ्यांनी डावीकडे खोदलं. ठोके येत राहिले, मग थांबले. तो उजवीकडे सापडला.

मुलाचा जलदानविधी आटोपून भाऊ कामावर आले ते कुदळ घेऊनच. रस्ता सोडून लांब, मोहाच्या झाडाखाली त्यांनी एक कान पुरला, डावं-उजवं वेगळं कळावं म्हणून. मग खाली ठरल्या खांबावर कुणाला तरी हातोडा मारायला लावायचे आणि आमचं उत्तर नकाशाशी ताडायचे. चुकलं की पुन्हा.

"अजून जवळ," ते कागदाला म्हणायचे, "अजून जवळ ये, बापा."

पुढल्या पावसाळ्यात छत पुन्हा बसलं. गजरा घरी ठेवून मी दोन्ही कानांनी ऐकलं. भाऊंनी नकाशावर बोट टेकवलं, तिथंच खोदलं. दोघं जिवंत निघाले.

बाहेर गुलाल उडत होता. मी आत धावले. "भाऊ, चला ना! लोक तुमाले खांद्यावर घेतो म्हणून राह्यले!"

हेडफोन अजून त्यांच्या कानांवर होता. नकाशावरचं बोट मात्र सरकलं होतं, रस्त्याच्या उजवीकडे, जुन्या जागी.

"चूप रहा, बाई."

त्या दिवशी पंखा मीच बंद केला.